ओपिऑइड-गैरवापर प्रतिबंध उपक्रम, नाशिक : खर्च आणि लाभ मोजताना ठेवलेल्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

आज शाळा उघडल्या आणि आमच्या मूल्यमापनाचे कामही सुरू झाले. उपक्रमाचे स्वरूप ठरलेले आहे. सातपूर, पंचवटी आणि नाशिकरोड येथील प्रत्येकी एका शाळेत इयत्ता नववीच्या दोन-दोन तुकड्यांना त्या शाळेचेच शिक्षक जीवनकौशल्यांचे बारा तास घेतील, पालकांच्या दोन सभा होतील आणि शाळांच्या आसपासच्या औषध दुकानदारांशी आमचे सहकारी बोलतील. तुलनेसाठी आणखी तीन शाळा घेतल्या असून त्यांना हाच उपक्रम पुढील वर्षी मिळेल. राबवणीचे काम इतरांकडे आहे. या सगळ्याला खरोखर किती खर्च येतो आणि त्यातून काय हाती लागते, हे तपासून लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

पहिल्याच दिवशी 'गैरवापर' म्हणजे काय हे निश्चित करून घेतले. डॉक्टरांनी न सांगता, सांगितल्यापेक्षा अधिक प्रमाणात, किंवा दुखण्यासाठी नव्हे तर केवळ गुंगीसाठी ओपिऑइड वर्गातील, म्हणजे अफूपासून बनलेले किंवा तिच्यासारखा परिणाम करणारे, द्रव्य घेणे, ही व्याख्या आम्ही धरली. त्यात अफू आणि गर्द येतात, तसेच कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्याही येतात. शाळेच्या वयात गर्दपेक्षा बाटली आणि गोळीच हाताला आधी लागण्याचा संभव अधिक, असे क्षेत्रात काम करणाऱ्या सहकाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

आधारासाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षण समोर ठेवले आहे. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटात ओपिऑइड घेणाऱ्यांचे प्रमाण २.०६ टक्के आहे. १० ते १७ या वयोगटात ते सुमारे १.८ टक्के, म्हणजे जवळपास ४० लाख मुले-मुली. ओपिऑइडमुळे अडचणीत आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक व्यक्ती ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा यांच्यासोबत महाराष्ट्राचेही नाव आहे. हे आकडे देशाचे आहेत, नाशिकचे नाहीत. प्रत्येक तक्त्याच्या खाली ही ओळ लिहायची, असे आजच ठरवले.

२६ जून २०२५, गुरुवार

आज अमली पदार्थविरोधी दिन असल्याने सातपूरच्या शाळेची प्रभातफेरी होती. मुलांच्या हातांत फलक होते, त्यांवर कवट्या आणि इंजेक्शनच्या सुया रंगवलेल्या होत्या. चौकात थांबलेल्या पालकांशी बोलताना असे दिसले की 'ड्रग्ज' म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात पोलिसांनी उघडकीला आणलेला मेफेड्रोनचा कारखाना येतो. त्या घटनेने शहर हादरले होते, हे खरे आहे. परंतु मेफेड्रोन हे उत्तेजक आहे, ओपिऑइड नव्हे. मालेगावकडची 'कुत्ता गोळी' म्हणून जी ओळखली जाते, ती अल्प्राझोलाम, हेही ओपिऑइड नव्हे. ते गुंगी आणणारे, झोपेच्या औषधांच्या वर्गातले द्रव्य आहे. कोडीन मात्र ओपिऑइड आहे. मुलांच्या दृष्टीने हा भेद निरर्थक असेल, पण मोजणाऱ्याला तो पाळावाच लागतो, कारण प्रश्नावलीत 'नशेची गोळी' एवढेच विचारले तर तीन वेगळ्या वर्गांची उत्तरे एकाच रकान्यात पडतील. सहकाऱ्यांना वाटते की मी फार काथ्याकूट करते. मी आग्रह सोडलेला नाही.

प्रभातफेरीबद्दल मुख्याध्यापिका बाईंनी मला थेट विचारले, की याचा उपयोग होतो का? मी उत्तर जपून दिले. अमेरिकेत १९९८ ते २००४ या काळात युवकांसाठीच्या राष्ट्रीय अमली पदार्थविरोधी जाहिरात मोहिमेवर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च झाले आणि त्यानंतरच्या मूल्यमापनात त्या मोहिमेमुळे वापर घटल्याचे आढळले नाही. संयुक्त राष्ट्रांचे अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१८ मध्ये सुधारून काढलेली प्रतिबंधाची मानके सांगतात, की नुसती माहिती देणे, भीती घालणे आणि व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींची मनोगते मुलांपुढे ठेवणे यांचा प्रतिबंध म्हणून एक तर परिणाम होत नाही किंवा उलटा होतो. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग फेरीऐवजी दोन तास तुम्हालाच देते." ते दोन तास कोणाच्या वेळापत्रकातून निघाले, याची नोंद मी लगेच केली. या कामातला पहिला खरा खर्च तो आहे.

५ जुलै २०२५, शनिवार

दिवसभर वाचन. आमच्या विषयाला सर्वांत जवळचा अभ्यास अमेरिकेतील आयोवा आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतला आहे. तिथे २८ ग्रामीण वस्त्या आणि छोटी शहरे घेऊन त्यांपैकी निम्म्यांत 'प्रॉस्पर' नावाची व्यवस्था राबवली गेली. सहावीच्या मुलांसाठी कुटुंबाधारित कार्यक्रम आणि सातवीत शाळेतील कार्यक्रम, अशी तिची रचना होती. मुले बारावीत पोहोचेपर्यंत त्यांचा मागोवा घेतला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खर्च-परिणामकारकतेच्या विश्लेषणात असे आढळले, की शाळेतील तीन कार्यक्रमांपैकी एकट्याने परिणाम दाखवणारा कार्यक्रम जीवनकौशल्यांचाच होता. वेदनाशामक ओपिऑइडच्या गैरवापराचे एक प्रकरण टाळण्यासाठी त्यात ६१३ डॉलर खर्च आला. कुटुंबाच्या कार्यक्रमाची जोड मिळाली, की परिणाम अधिक चांगला दिसला.

हा ६१३ चा आकडा आमच्या बैठकीत फार आवडला. कोणीतरी लगेच रुपयांत रूपांतर करून फळ्यावर लिहिले. मी ते पुसायला सांगितले आणि कारणही दिले. खर्चाचा भाग चलनाच्या दराने बदलता येईल असे वाटते, पण तिथला शिक्षक आणि इथला शिक्षक यांच्या तासाचे मोल चलनदराच्या प्रमाणात नसते. त्याहून मोठी अडचण 'टाळलेली प्रकरणे' या भागात आहे. तिथल्या किशोरवयीन मुलांत डॉक्टरी चिठ्ठीवरच्या गोळ्यांचा गैरवापर त्या काळी इतका पसरलेला होता, की थोड्या टक्क्यांची घटसुद्धा पुष्कळ मुलांची होत असे. प्रमाण जिथे कमी, तिथे तितक्याच परिणामकारक कार्यक्रमात टाळलेली प्रकरणे कमी निघतात आणि प्रत्येक प्रकरणामागचा खर्च वाढतो. कार्यक्रम बिघडलेला नसतो, केवळ छेद लहान झालेला असतो. पद्धत उसनी घ्यावी, उत्तर घेऊ नये, एवढे मी बैठकीच्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या 'हील' या मोठ्या संशोधन उपक्रमात किशोरवयाचा उत्तरार्ध आणि तारुण्याचा पूर्वार्ध यांतील प्रतिबंधाचे अनेक अभ्यास एकमेकांशी जोडले आहेत आणि त्यांत खर्चाची मोजणी सर्वांनी शक्यतो एकाच रीतीने करायची असे ठरवले आहे. कार्यक्रम उभा करण्याचा खर्च आणि तो चालू ठेवण्याचा खर्च वेगवेगळा लिहायचा, ही रीत मला आमच्या खातेवहीत तशीच आणायची आहे.

१४ जुलै २०२५, सोमवार

खर्चाची खातेवही आज बसवली. संस्थेच्या हिशेबात या उपक्रमापोटी छपाई, प्रवास, चहापाणी आणि एका समन्वयक ताईंचे मानधन एवढ्याच बाबी आहेत. लेखापालांच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण पैसा तेवढाच बाहेर गेला. पण मला हवा आहे तो आर्थिक खर्च, म्हणजे ज्या-ज्या गोष्टी या कामात वापरल्या गेल्या आणि म्हणून दुसऱ्या कामाला मिळाल्या नाहीत, त्या सगळ्यांचे मोल. त्यासाठी आधी प्रत्येक घटक लिहायचा, मग त्याचे प्रमाण, मग त्याची किंमत. कोणी फुकट दिला म्हणून घटक गाळायचा नाही.

या रीतीने शिक्षकांचा वेळ मांडला तेव्हा चित्र पार बदलले. तास ४० मिनिटांचा असतो आणि तयारीला सरासरी ३० मिनिटे लागतात, असे शिक्षकांनी भरलेल्या कागदांवरून दिसते. म्हणजे एका तुकडीच्या बारा तासांसाठी ८४० मिनिटे, अर्थात १४ तास. सहा तुकड्यांचे मिळून ८४ तास. त्याआधी सहा शिक्षकांनी प्रत्येकी दोन दिवस, दररोज सहा तास प्रशिक्षण घेतले, ते ७२ तास. बेरीज १५६ तास, आणि संस्थेच्या हिशेबात त्यांपुढे शून्य. त्या शून्याच्या जोरावर गेल्या वर्षीच्या अर्जात 'अत्यल्प खर्चाचा उपक्रम' असे लिहिले गेले होते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, पण वाक्य चुकीचे होते. पुढे कोणी हा उपक्रम जिल्ह्यातल्या शंभर शाळांत न्यायचे ठरवले, तर त्या शंभर शाळांच्या शिक्षकांचे तास कोणाला तरी द्यावे लागतील, आणि ते देणाऱ्याला अर्जातले वाक्य आधाराला येणार नाही.

प्रशिक्षणाचे ७२ तास उभारणीच्या खर्चात टाकले. ते एकदाच होतात असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु शिक्षकांच्या बदल्या होतात, काही सेवानिवृत्त होतात, आणि नव्या शिक्षकांना पुन्हा शिकवावे लागते. म्हणून हा खर्च तीन वर्षांत विभागला आणि पाच वर्षांत विभागला, असे दोन्ही हिशेब ठेवले आहेत.

नाशिकरोडच्या शाळेतील गणिताच्या सरांनी एक गोष्ट सांगितली ती इथे लिहिलीच पाहिजे. त्यांच्या तुकडीचा जीवनकौशल्याचा तास गणिताच्या तासिकेत बसवला आहे. राहिलेला भाग ते शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून घेतात. तो अर्धा तास कुठल्याही कागदावर नाही. "लिहून कशाला ठेवायचं मॅडम, मुलं आपलीच आहेत," असे ते म्हणाले. मी तरी लिहून ठेवला आहे. सरांच्या आपुलकीचे मोल ठरवण्याचा माझा अधिकार नाही, पण त्यांच्या वेळेला शून्य म्हणण्याचा तर त्याहून नाही.

२३ जुलै २०२५, बुधवार

पावसाची झड लागलेली असल्याने पंचवटीतील पालकसभा पुढे ढकलली. सभागृह, ध्वनिक्षेपक आणि दोन सहकाऱ्यांची अर्ध्या दिवसाची हजेरी, हा खर्च झाला आणि सभा झाली नाही. तो 'न झालेल्या कार्यक्रमाचा खर्च' म्हणून स्वतंत्र ओळीत लिहिला. नाशिकमध्ये जून ते सप्टेंबर या काळात उपक्रम राबवायचा, तर असा खर्च कायमचाच धरावा लागेल.

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

आज एक चूक झाली आणि ती आमचीच आहे. एका शाळेत प्राथमिक प्रश्नावली भरून घेताना, निनावी राहण्याची हमी दिल्यानंतरही, कागद हजेरीपटाच्या क्रमाने गोळा केले गेले. वर्गशिक्षकांना आम्ही नीट सूचना दिली नव्हती; त्यांनी नेहमीच्या सवयीने क्रम लावला. मुलांच्या ते लक्षात आले. एका मुलीने उत्तरे खोडून सगळीकडे 'नाही' केल्याचे कागदावर स्पष्ट दिसते.

त्या तुकडीचे सगळे कागद मुलांसमोर फाडले आणि त्यांची माफी मागितली. तीन आठवड्यांनी पेट्या ठेवून पुन्हा भरून घेऊ. तोवर त्या तुकडीचे तास पुढे ढकलले आहेत, कारण तास सुरू झाल्यावर भरलेली प्रश्नावली प्राथमिक राहत नाही. समन्वयक ताई म्हणाल्या की एवढे ताणायला नको होते. परंतु या विषयात मूल खरे सांगते ते विश्वासावर, आणि एका कागदावरचा विश्वास गेला तर शेजारच्या पाच कागदांवरचाही जातो.

११ ऑगस्ट २०२५, सोमवार

गेल्या आठवडाभर ज्या हिशेबापासून मी दूर राहत होते, तो आज केला. सहा तुकड्यांत मिळून २४० मुले-मुली आहेत. राष्ट्रीय प्रमाण १.८ टक्के इथेही लागू आहे असे क्षणभर धरले, तर २४० मध्ये चार-साडेचार मुले निघतात. उपक्रमाने त्यांतली एक तृतीयांश प्रकरणे टाळली, तर फरक दीड मुलाचा पडतो. एवढा फरक योगायोगानेही पडतो. त्यातच, एका वर्गातली मुले एकमेकांसारखी वागतात, म्हणून २४० मुलांची माहिती २४० स्वतंत्र मुलांइतकी भरत नाही. एका तुकडीत ४० मुले आणि त्यांच्यातल्या साधर्म्याचा गुणांक ०.०२ इतका लहान धरला तरी (प्रत्येक मुलाचे उरलेले वर्गसोबती ३९, म्हणून) १ अधिक (३९ गुणिले ०.०२), म्हणजे १.७८ ने २४० ला भागावे लागते, आणि हाती उरतात सुमारे १३५ मुले.

याचा अर्थ असा, की आमचा अभ्यास ओपिऑइडच्या गैरवापरात घट झाली की नाही हे सांगूच शकणार नाही. घट झाली तरीही नाही आणि न झाली तरीही नाही. हे निधी देणाऱ्यांना आत्ताच कळवायला हवे. 'फरक आढळला नाही' हे वाक्य डिसेंबरमध्ये अहवालात गेले, तर वाचणारा त्याचा अर्थ 'उपयोग झाला नाही' असाच घेईल.

मग मोजायचे काय? सहकाऱ्यांची सूचना अशी, की मुलांच्या समजुती, नकार देण्याचा आत्मविश्वास आणि 'मित्राने गोळी दिली तर काय कराल' याची उत्तरे मोजावीत. सूचना वाजवी आहे, पण तिचे बळ तपासले पाहिजे. नाशिककर पूर मोजतात तो गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे ऐकले की सराफ बाजारातला दुकानदार माल वरच्या मजल्यावर हलवायचा की नाही हे ठरवतो. धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे त्याला ठाऊक नसले तरी चालते, कारण मारुतीच्या कमरेचे आणि बाजारातल्या पाण्याचे नाते पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. आमच्या प्रश्नावलीतल्या आत्मविश्वासाच्या गुणांचे आणि पाच वर्षांनंतरच्या वर्तनाचे असे पाहिलेले नाते इथे अजून कोणाकडे नाही. गुण वाढले तर ते आनंदाने लिहू, मात्र त्यांना टाळलेली प्रकरणे म्हणणार नाही.

२३ ऑगस्ट २०२५, शनिवार

पुढे ढकललेली पालकसभा आज पार पडली. गणपती चार दिवसांवर आले असूनही आया बऱ्याच आल्या होत्या. सभा संपल्यावर एक बाई मागे थांबल्या. त्यांच्या सासूबाईंना कर्करोग आहे आणि डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या आहेत. "तुम्ही सांगितलंत ते ऐकून भीती वाटली. त्या बंद करू का?" असे त्यांनी विचारले.

मला धक्का बसला. आमच्या सहकाऱ्याने चुकीचे काही सांगितले नव्हते, पण वेदनेवरचा उपचार आणि गैरवापर यांतला भेद त्यांनी एका वाक्यात उरकला होता. बाईंना आधी स्पष्ट सांगितले, की गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच बंद करायच्या नाहीत, त्या सासूबाईंच्या हक्काच्या आहेत. फक्त त्या कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. आपल्या देशात वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांपर्यंत मॉर्फीन पोहोचावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती करावी लागली होती. आमच्या सभेमुळे एका घरात ते बंद पडले असते.

प्रतिबंधाच्या कार्यक्रमांचे लाभ मोजताना अपाय मोजायचे राहून जातात. खातेवहीत आज 'अनपेक्षित परिणाम' हा रकाना उघडला आणि त्यात ही पहिली नोंद केली. पुढच्या सभेच्या मजकुरात वेदनाशामक उपचारांवर पाच मिनिटे वाढवली आहेत.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार

औषध दुकानदारांच्या भेटी झाल्या. औषधविक्रीच्या नियमांतील, २०१४ च्या मार्चपासून लागू असलेल्या 'एच-१' अनुसूचीतील (म्हणजे यादीतील) औषधे विकताना दुकानदाराने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि किती दिले हे वेगळ्या नोंदवहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. कोडीन आणि ट्रामाडॉल या यादीत आहेत, अल्प्राझोलामही आहे. शिवाय २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले.

बहुतेकांनी वही दाखवली. एका वयस्कर दुकानदारांनी सांगितले, की शाळकरी मूल एकटे येऊन खोकल्याचे औषध नाव घेऊन मागते, तेव्हा ते 'बाबांना पाठव' म्हणतात. गिऱ्हाईक जाते, पण तेवढे ते सोसतात. हा तोटा कोणाच्या हिशेबात धरायचा? समाजाच्या दृष्टीने पाहिले तर ती विक्री व्हायलाच नको होती, म्हणून तो तोटा धरायचा नाही. मात्र नोंदवही भरण्यात जाणारा वेळ धरायचा की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. ती वही कायद्याने आधीच बंधनकारक आहे, आमच्यामुळे सुरू झालेली नाही. म्हणून ती आमच्या खर्चात नाही. आमच्या भेटीसाठी त्यांनी काउंटर सोडून दिलेली वीस मिनिटे मात्र आहेत.

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

आता लाभाची बाजू. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या अभ्यासकांनी २०१७ या एका वर्षात ओपिऑइडमुळे त्या देशाला सोसावा लागलेला भार १.०२ लाख कोटी डॉलर इतका मांडला आहे. त्याचा फार मोठा भाग अकाली मृत्यूंच्या आणि हरवलेल्या आयुष्यमानाच्या किमतीचा आहे. दवाखाने, न्यायालये आणि तुरुंग यांचा वाटा त्यामानाने लहान आहे. तिथल्या मृत्यूंचे चित्र आपल्याकडचे नाही, म्हणून हा आकडाही फळ्यावर लिहू दिला नाही.

आपल्याकडे काय धरायचे, याचा विचार करताना एक अस्वस्थ करणारी गोष्ट हाती आली. लाभ मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे वाचलेला उपचारखर्च धरणे. पण २०१९ च्या त्याच सर्वेक्षणानुसार बेकायदा अमली पदार्थांच्या अधीन झालेल्या वीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या एकोणीस जणांवर सरकारचा उपचारापोटी खर्चच होत नाही. म्हणजे शासकीय तिजोरीच्या दृष्टीने हिशेब केला, तर ज्या गावात उपचारांची सोय नाही तिथे प्रतिबंधाचा लाभ जवळजवळ शून्य येतो, आणि जिथे चांगले केंद्र आहे तिथे तो भरघोस दिसतो. हा निष्कर्ष गणिताने बिनचूक आणि माणुसकीच्या दृष्टीने उफराटा आहे. आपण लोकांना उपचार देत नाही, म्हणून त्यांना व्यसनापासून वाचवणेही परवडत नाही, असे तो म्हणतो.

यावर उपाय म्हणून दृष्टिकोनच बदलला. खर्च आणि लाभ दोन्ही समाजाच्या दृष्टीने मांडायचे ठरवले आहे. त्यात मुलाची सुटलेली शाळा येते, वडिलांचे बुडालेले रोज येतात, आईने दागिना मोडून भरलेले खासगी केंद्राचे बिल येते, आणि ज्यांना उपचार मिळाले नाहीत त्यांच्या आयुष्याची झालेली हानीही येते. ही शेवटची बाब रुपयांत मांडण्याचा हट्ट न धरता निरोगी आयुष्याच्या वर्षांत लिहू. तिजोरीच्या दृष्टीने केलेला हिशेबही जोडू, पण त्याच्याच खाली वर लिहिलेले कारण छापू.

आणखी एक बाब. जीवनकौशल्याचे तास ओपिऑइडपुरते नसतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही तो मुलांच्या खिशात सापडतो. तंबाखू आणि दारू यांच्याबाबतही हेच तास कामाला येतात. सगळा खर्च ओपिऑइडच्या माथी मारला तर उपक्रम महाग ठरतो आणि सगळे लाभ त्याच्या नावे लिहिले तर तो खोटाच स्वस्त ठरतो. प्रत्येक परिणाम वेगळा लिहून खर्च मात्र एकच दाखवणे, हे त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते.

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

दिवाळीच्या सुट्टीत हिशेबाचा आराखडा पूर्ण झाला. खर्च आज होतो आणि लाभ पुढे मिळतात, म्हणून पुढच्या रुपयाला आजच्या मोलात आणावे लागते. आपल्याकडच्या आरोग्य-तंत्रज्ञान मूल्यमापनाच्या शासकीय मार्गदर्शक चौकटीत ३ टक्के दर सुचवला आहे. त्या दराने दहा वर्षांनंतरचे १ लाख रुपये आज सुमारे ७४,४०० भरतात. दर ५ टक्के घेतला तर सुमारे ६१,४००. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत लाभ पंचविशी-तिशीपर्यंत पसरलेले असतात, त्यामुळे दरातला हा फरक निकाल फिरवू शकतो. दोन्ही दर अहवालात असतील.

लाभाला खर्चाने भागून गुणोत्तर काढायचे नाही, असेही ठरले. त्याऐवजी प्रश्न उलटा विचारला आहे : खर्च भरून निघण्यासाठी किमान किती प्रकरणे टाळली गेली पाहिजेत? रीत दाखवण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेते. समजा एकूण आर्थिक खर्च ३ लाख आला आणि एक प्रकरण टाळल्याचे आजचे मोल दीड लाख धरले, तर २४० मुलांत दोन प्रकरणे टाळावी लागतील. चार-साडेचार अपेक्षित प्रकरणांतली दोन म्हणजे जवळजवळ निम्मी. इतके यश कुठल्याही शाळेतल्या कार्यक्रमाकडून मागणे अवाजवी आहे. तेच मोल ६ लाख धरले, तर अर्धे प्रकरण पुरते, आणि हे शक्यतेच्या कक्षेत आहे. १.८ टक्के हा सध्या वापर करणाऱ्यांचा आकडा आहे. पुढच्या दहा वर्षांत नव्याने वळणारी मुले त्यात नाहीत, हेही सोबत सांगावे लागेल.

वाचणाऱ्याला एक आकडा हवा असतो, हे मला समजते. पण एका प्रकरणाचे मोल किती धरायचे हा प्रश्न या मांडणीत वाचणाऱ्याच्या हातात राहतो, माझ्या तक्त्यात लपत नाही.

८ डिसेंबर २०२५, सोमवार

गंगापूर रोडवरच्या कार्यालयात अहवालाच्या मसुद्याचे वाचन झाले. निधी देणाऱ्यांच्या प्रतिनिधींनी पहिलाच प्रश्न विचारला, की एका रुपयामागे किती रुपये परत येतात. अमेरिकेत एका डॉलरमागे १८ डॉलर वाचतात असे त्यांनी वाचले होते. तो आकडा मला ठाऊक होता. तो २००८ च्या एका अमेरिकी विश्लेषणातला आहे, परिणामकारक शालेय कार्यक्रम देशभर राबवले तर काय होईल याचा तो अंदाज आहे, आणि त्यात दारू, तंबाखू, गांजा यांच्यापासून वाचवलेले सगळे जमेला धरलेले आहे. हे सांगून मी म्हटले, की आमच्या सहा तुकड्यांवरून असा आकडा देणे म्हणजे तुमची फसवणूक करणे होईल. ते नाराज झाले, पण त्यांनी तक्ते शेवटपर्यंत पाहिले, आणि शिक्षकांच्या तासांच्या ओळीवर थांबले. "हे आम्ही कधीच दिलेले नाही," असे ते म्हणाले. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात बदली शिक्षकांच्या मानधनाची बाब घालायचे तिथेच मान्य झाले.

गणिताचे सरही आले होते. त्यांच्या शाळा सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासांची बेरीज तक्त्यात पाहून त्यांनी फक्त एवढेच विचारले, की दोन तास कमी का दिसतात. त्यांनी स्वतःच्या वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या. त्या दिवसांचा कागद आमच्याकडून गहाळ झाला होता. वही पाहून तक्ता दुरुस्त केला.

मसुद्यात राहिलेली कामे : तुलनेच्या तीन शाळांची दुसरी प्रश्नावली फेब्रुवारीत, मुलांच्या कार्यपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर नशामुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४४४६ आणि मानसिक आरोग्याची मदतवाहिनी टेलि-मानस १४४१६ हे क्रमांक ठळक छापणे, 'अनपेक्षित परिणाम' या रकान्यातल्या नोंदी सर्व शाळांकडून दरमहा मागवणे. टाळलेल्या प्रकरणांची ओळ तक्त्यात आहे, तिच्यापुढे 'या अभ्यासातून सांगता येत नाही' असे लिहिले आहे. ती ओळ काढून टाकावी अशी सूचना आली होती. ती तशीच ठेवली आहे.